उलटं फिरवलेलं शेत

मंडळी, दुपारपासून डोळ्यांसमोर नुसतं पाणी आहे आणि पाण्यात ढग. सांगूनच टाकतो.

अकोले तालुक्यातल्या सोनामावशी भात लावताना माहेराच्या वाटेचं एक गाणं म्हणतात. त्याचा व्हिडिओ मी करतोय. मी पाथर्डीचा, आमच्याकडे बाजरी. भातलावणी पहिल्यांदा पाहिली ती कॅमेऱ्यातूनच.

एडिटिंग करताना एक गोष्ट खटकली. गाणं माहेराकडे निघालंय आणि बाया मात्र रोपं लावत मागे मागे सरकताहेत. म्हणून मी चित्र उलटं फिरवलं. आता सगळ्या संथपणे पुढे येऊ लागल्या, आणि शेवटच्या ओळीला शेतभर पाण्यात फक्त आभाळ उरलं. मी स्वतःवरच खूश!

आज गावात जाऊन मावशींना लॅपटॉपवर दाखवलं. आधी त्या गालात हसत होत्या. मग एकदम स्क्रीनवर बोट ठेवलं.

"आरं थांब! दिसभर लावल्यालं समदं उपटून न्हेतोय की तू!"

खरंच की. प्रत्येक हात चिखलातून रोप काढून घेत होता.

"पण मावशी, गाण्यात तर तुम्ही माहेरी चाललाय."

"गान्यात चाललेय रं. लावनीच्या दिसांत माहेराला कोन धाडतंय? म्हनून तर म्हनायचं."

तिथंच ओट्यावर बसून चित्र सुलट केलं. गाणं लांब लांब जात राहिलं, मावशी मागे सरकत राहिल्या आणि पाण्यातलं आभाळ हळूहळू हिरवं होत गेलं.

जिथं जाता येत नाही, तिथलं कुठलं गाणं तुम्ही काम करताना गुणगुणता?