तिखटाचा डाव

अजूनही कधी तिळाच्या तेलाचा खरपूस वास येतो, आणि त्याच्या मागोमाग आंबवलेल्या कोबीचा तो उग्र, तरीही कुठेतरी ओळखीचा वाटणारा दरवळ मनात जागा होतो, की शाहपुऱ्याच्या तळ्याकाठची ती संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी राहते. काचेपलीकडे मावळतीने आरक्त झालेलं पाणी, आणि काचेअलीकडे, आमच्या टेबलावर, त्याच रंगात न्हालेला पास्ता.

सांगायला संकोच वाटतो, पण तुमच्यापासून काय लपवायचं? मी तिथे जेवायला गेलो नव्हतो, कारस्थान करायला गेलो होतो. रमाकांत, शरद आणि मी एकाच कारखान्यात उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत खपलो, अयोध्या नगरात हाकेच्या अंतरावर घरं बांधली, आणि रोज सकाळी फिरायच्या नावाखाली एकमेकांच्या जुन्या चुका उगाळत आलो. त्यांत माझ्या चुकांचा साठा अक्षय्य, म्हणून मला मान जास्त. त्याच्या आदल्या वर्षी रमाकांतची पत्नी सुमन गेली. त्याची एकुलती मुलगी कोरियात नोकरीला. बाबा, आता माझ्याकडेच राहायला या, असा तिने धोशा लावला. त्या रविवारी तिला उत्तर द्यायचं होतं, आणि रमाकांत हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. ते ‘नाही’ त्याच्याकडून वदवून घेण्याचं पुण्यकर्म मी शिरावर घेतलं. मेतकूट-भातापलीकडे ज्याची जीभ कधी गेली नाही, त्याला त्या देशाचं तिखट एकदा चाखवलं की प्रश्न मिटला, असा माझा हिशेब. मैत्रीच्या नावाखाली माणूस किती निर्मळ मनाने स्वार्थी होऊ शकतो!

कोरियन आणि इटालियन स्वयंपाकाचं लग्न लावणाऱ्या त्या हॉटेलात शिरताना शरद म्हणाला, “यात मुलाकडचे कोण आणि मुलीकडचे कोण, ते आधी विचार रे. मानपान सांभाळायला बरं.” ऑर्डर घेणाऱ्या मुलीने बजावलं, “अंकल, ये वाला बहुत तीखा है.” मी म्हणालो, “वही चाहिए, बिटिया.”

आमच्यात आग्रहाचा एक नियम आहे, कारखान्यात डबे एकत्र उघडायचो तेव्हापासूनचा, आणि तो रमाकांतनेच घालून दिलेला: दुसऱ्याला जेवढं वाढाल तेवढं स्वतःच्या पानात घ्या, आणि पानात घेतलेलं टाकू नका. कटाच्या धुंदीत मी हा नियम विसरलो. रमाकांतला भरभरून दोनदा वाढलं आणि दोन्ही वेळा शरदने, “आणि तुझं पान, साहेब?” म्हणत मला पकडलं. पहिल्याच घासाला माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. रमाकांत मात्र शांतपणे जेवत होता. किमचीची, म्हणजे त्या आंबवलेल्या कोबीची, फोड तोंडात घालून त्याने क्षणभर डोळे मिटले.

“आईच्या लिंबाच्या लोणच्याचा खार असाच लागायचा,” तो म्हणाला.

“अरे, पण तुला तिखट सोसत नाही ना?” शरदने विचारलं.

“मला? मला कायमच आवडायचं. सुमनला पोटाचा त्रास. तिच्यासमोर एकट्याने झणझणीत काय खायचं, म्हणून सोडलं.”

किती साधं वाक्य! तीस-पस्तीस वर्षं मी या माणसाच्या डब्यात बोटं घातली, त्याच्या फिक्या भाजीची टिंगल केली, आणि त्या फिकेपणात एवढी गाढ माया मुरलेली आहे, याचा मला वाससुद्धा लागला नाही. आपण ज्याला माणसाची आवड म्हणतो, ते कित्येकदा त्याने कुणासाठी तरी निमूट केलेलं विसर्जन असतं का? आणि सोबत संपल्यावर ती जुनी चव परत शोधायचा हक्क त्याला नसावा, हे ठरवणारा मी कोण?

पाणी पिऊन रमाकांत म्हणाला, “रविवारपर्यंत कशाला थांबायचं? आजच कळवतो पोरीला. जेवणाचीच धाकधूक होती. येतो म्हणून सांगतो.”

तळ्यावरचा प्रकाश विझत आला होता. माझे डोळे घळाघळा वाहू लागले. “तिखट लागलं साहेबांना,” शरद म्हणाला, आणि उगाच काचेबाहेर बघत राहिला. मीही मान हलवली. रमाकांतने माझी अर्धी भरलेली बशी स्वतःपुढे ओढली आणि माझं उष्टं शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवलं.

आता शरद आणि मी अधूनमधून तिथे जातो. तोच तिळाच्या तेलाचा वास, काचेपलीकडे तेच तांबूस पाणी. मी तोच पास्ता मागवतो, पण वाढून घेताना हात आखडतो. पान टाकायचं नाही, हा नियम अजून आहे. बशी ओढून घेणारा मात्र समोर नाही.