आधी वायर बघा

तुमच्या टीव्हीत कधी मुंग्या आल्यात का? आमच्याकडे रोज कुणाच्या तरी येतात! सोलापुरात आमचं टीव्ही दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. मशीन आमचे हे उघडतात, फोन मी घेते. जुने रिमोट साठतात ना, तसे इथे किस्से साठतात. टाकवत नाहीत!

ते ऐकायला मल्लय्या काका असतात. सगळं आयुष्य पॉवरलूमच्या खडखडाटात गेलं, आता रिटायर. सकाळचा चहा झाला की येतात आणि आमच्या कुरकुरणाऱ्या पंख्याखाली बसतात.

*

मंद्रूपहून एका मावशींचा फोन आला. "बाई, टीव्हीत मुंग्या आल्यात की!"

चित्रावर ठिपके नाचायला लागले की सगळे मुंग्याच म्हणतात. ह्यांचा नियम ठरलेला, आधी वायर बघायची, मशीन मग. मी म्हटलं, "मागची वायर काढून परत घट्ट बसवा."

"बसवली. तरी हायत."

"मग डिशची छत्री हलली असेल. गच्चीवर बघा."

"अवो, गच्चीवर कशाला? टीव्हीवर परसादाचा पेढा ठिवला व्हता. त्यो इरघळून आत गेलाय!"

काकांनी मांडीवर थाप मारली. "मुंग्यांनाबी शिरेल बघायची हाय की, अम्मा!"

*

वळसंगच्या एक वहिनी म्हणाल्या, "शिरेलमधल्या सगळ्या बायका एकदम जाड झाल्यात!"

रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं होतं, चित्र आडवं ताणलं होतं. फोनवरच सरळ करून दिलं.

"आता बरं दिसतंय," वहिनी म्हणाल्या. "पण त्यातली सासू तशीच ऱ्हायली असती तरी चाललं असतं!"

आम्ही खूप हसलो. काकाही हसले, पण आमच्याकडे बघून, जरा उशिरा.

*

आमच्याच गल्लीतल्या एका गुरुजींच्या नव्या टीव्हीचा आवाज अचानक गेला. चित्र झकास, आवाज शून्य. तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या भाभी घाबऱ्याघुबऱ्या दुकानात आल्या. "भाईसाब, हमारे कपाट में कोई खबरें पढ़ रहा है!"

भाभींचा ब्लूटूथ स्पीकर कपाटात होता, आणि गुरुजींचा टीव्ही त्याला जाऊन चिकटला होता!

मी काकांना रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "कपाट केवढ्याला देतेत?"

आम्हाला हसू आलं. मग मात्र आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

*

पुढच्याच आठवड्यात काकांनी स्वतःची तक्रार आणली. "आवाज गेला टीव्हीचा. येऊन बघा."

हे गेले, मीही बरोबर गेले. आवाज कोपऱ्यावरच ऐकू येत होता! घरात सूनबाई कानात बोटं घालून भाजी निवडत होत्या. काका अगदी टीव्हीसमोर बसून म्हणाले, "बघा. काय बी नाय."

ह्यांनी आवाज बंद केला. परत पूर्ण वाढवला. काकांचा चेहरा होता तसाच.

ह्यांनी टीव्हीकडे बोट दाखवून 'बरा आहे' अशी मान हलवली. काकांनी दोन्ही कान चाचपले. मग म्हणाले, "लूमनं कान खाल्ले म्हणायचे. आता दुकानात येऊन काय करू, अम्मा? तुम्ही हसणार, मी बघत बसणार."

हे त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यांदा म्हणाले, "काका, आपला नियम काय? आधी वायर बघायची, मशीन मग!"

"माझी कसली वायर?"

"तीच बघायला जायचंय. चला!"

संध्याकाळी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते आत बघून हसले. "अहो, मळाचे खडे बसलेत!" थेंब घालून, धुऊन त्यांनी ते काढले. लूममुळे ऐकणं थोडं कमी राहील, पण काळजी नको, असंही म्हणाले. मग दोन्ही कानांत कापूस घालून काकांना घरी पाठवलं. फरक पडला की नाही, ते कापसामुळे त्या दिवशी कळलंच नाही. मी देवापुढे दिवा लावताना काकांचंही नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कापूस काढून दुकानात आले, रोजच्या खुर्चीवर बसले आणि वर बघून ह्यांना म्हणाले, "हा पंखा असा बोंबलतोय, आणि तुम्ही लोकांचे टीव्ही दुरुस्त करता व्हय?"