साखराबाईनं पारावर सांगितलं

चकलांब्याची साखराबाई जन्मात एकदाच मोठं खोटं बोलली, पण त्या खोट्यानं एका बाईचं घर मोडलं. अकरा वर्षांपूर्वी मेंढरं राखताना तिचा डोळा लागला आणि कळप कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात शिरला. ते फुटवे जनावराला विषच. दिवस मावळेपर्यंत चौदा मेंढरं आडवी झाली. नवरा बंकट लई तापट. त्याच्या भीतीनं साखराबाईनं पारावर सगळ्यांदेखत धाकट्या जावेकडं, विधवा उज्ज्वलाकडं बोट दाखवलं. "हिनंच करणी केली." गावाला ते पटलं. महिन्याभरात उज्ज्वला लेकीला घेऊन नांदूरघाटला भावाकडं निघून गेली.

मग साखराबाईनं सोमवार धरले, अनवाणी हिंडली, देवाला कोकरू दिलं. पण जावेचं नाव निघालं की ती ताटावरून उठायची.

तलवाड्यात वत्सलाबाई नावाच्या निवृत्त नर्स राहत. त्यांच्या घरी रविवारी येशूची प्रार्थना व्हायची. पायाची जखम बांधून घ्यायला गेलेली साखराबाई एकदा तिथं टेकली, ती मग दर रविवारी जाऊ लागली. एके दिवशी तिनं पोटातलं सगळं ओकून टाकलं.

वत्सलाबाई म्हणाल्या, "साखराबाई, आजवर तुमी देवाला कोकरू देत आलात. येशू म्हंजे देवानं आपल्यापायी दिलेलं कोकरू. तुमची शिक्षा त्यानं वधस्तंभावर भोगली. तारण, म्हंजे पापातनं सुटका, कमवायचं नसतं, पदर पसरून घ्यायचं असतं."

"मंग मला आता कायबी करायचं न्हाई?"

"तारणासाठी न्हाई. पण उज्ज्वला अजून गावाबाहेरच हाय की."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच साखराबाईला आपल्या पापाकडं न घाबरता बघता आलं. दोन दिवसांनी तिनं नांदूरघाट गाठलं.

उज्ज्वला अंगणात तूर पाखडत होती. साखराबाईनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. लागलेली झोप, फुटवे, खोटा आळ. देवानं क्षमा केली, हेही सांगितलं.

उज्ज्वलाचं सूप थांबलं. "तुमच्या देवानं तुमाला माफ केलं, जाऊबाई. मला कुणी इचारलं?"

"तेच इचाराया आले."

"मला नका इचारू. ज्यांच्या म्होरं बोललात, त्यांच्या म्होरं जाऊन सांगा."

शनिवारी सकाळी पार माणसांनी भरलेला असताना साखराबाई मधोमध उभी राहिली आणि पहिल्यापासून सगळं बोलली. बंकटनं तिचा दंड धरला. "घरी चल. अब्रू घालवतीस."

"अब्रू उज्ज्वलाची गेलती," ती म्हणाली, "ती माघारी देतेय."

म्हातारा धर्मराज त्या वेळी उज्ज्वलावर सगळ्यांत जास्त ओरडला होता. त्यानं विचारलं, "आता बोलून तुजं पाप फिटनार हाय व्हय?"

"ते आदीच फिटलंय, दादा. म्हणून तर बोलायचं बळ आलं."

धर्मराज काठी टेकत उठला. मग त्यानं नातवाकडून उज्ज्वलाला फोन लावून घेतला आणि तिला माघारी बोलावलं.

पंधरा दिवसांनी उज्ज्वला लेकीसह आली. तिनं आपल्या घराचं कुलूप काढलं. साखराबाई चहा घेऊन गेली. उज्ज्वलानं कप घेतला.

"माफ केलं असं मी म्हणनार न्हाई. अजून जमत न्हाई."

"जमंल तवा म्हण. मी हितंच हाय."

उज्ज्वलानं चहा संपवला, घर झाडायला एक झाडू उचलला आणि कोपऱ्यातला दुसरा जावेच्या हातात दिला.