बेपत्ता माणूस आणि चालू राहिलेला सर्व्हर

सांगलीतला तो बेपत्ता माणसाचा तपास अजून माझ्या मनातून गेलेला नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी तिथे पोलीस निरीक्षक होतो. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्सवर चालणारा सर्व्हर होता आणि तो सांभाळणारा कर्मचारी एकटाच. ऐन निकालाच्या आठवड्यात सर्व्हर अडकला. प्राचार्यांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. तो उठून गेला, तो परत आलाच नाही. त्याची मोटारसायकल कृष्णेच्या पुलाजवळ मिळाली.

पंचनामा झाला, मिसिंग नोंदवली, नदीत होड्या घातल्या. फलटणकडून त्याचे वडील आले. लष्करातले निवृत्त सुभेदार, ताठ कण्याचे. दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसून राहायचे. चहा पुढे केला तर "नगं" एवढंच.

मग त्या महाविद्यालयाच्या संगणक विभागाचे एक प्राध्यापक ठाण्यात आले.

"साहेब, काल सर्व्हर पुन्हा संथ झाला. एकच प्रोग्राम सगळी ताकद खात होता. आम्ही हात लावायच्या आत कुणीतरी तो बंद केला. तो बंद करायला लागणारा पासवर्ड फक्त आमच्या त्या बेपत्ता माणसालाच माहीत आहे."

पोलिसाचं डोकं आधी वाईटाकडे धावतं. पासवर्ड काढून घेऊन कुणी घात तर केला नसेल? मी प्राध्यापकांनाच समोर बसवलं.

"त्याचं कुणाशी वैर होतं?"

"वैर नाही. खरं सांगायचं तर कुणाशी बोलणंच नव्हतं. काही अडलं तरच आम्ही त्याच्या खोलीत जायचो."

बाहेरून सर्व्हरमध्ये शिरायचं तर फोनच्या लाइनवरूनच, असं प्राध्यापकांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या लाइनवर येणारा फोन कुठून येतो ते शोधायची सूचना टेलिफोन खात्याला देऊन मी सुभेदारांसह संगणक कक्षात गेलो. काळ्या पडद्यावर प्राध्यापकांनी एक छोटी कमांड दिली. आत कोण कोण आहे, हे त्यातून दिसतं म्हणाले. थोड्या वेळाने त्याचं नाव उमटलं.

"फोनच्या लाइनवरून आलाय, साहेब!"

"त्याच्याशी बोलता येईल?"

"इथून लिहिलं की त्याच्या पडद्यावर दिसतं."

सुभेदार खुर्ची सोडून पुढे आले. "त्यो हाय का? मग इचारा, जेवलास का?"

प्राध्यापकांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. मला वाटलं, लाइन तोडतो आता. मग अक्षरं आली : कोण विचारतंय?

"आबा म्हनावं. तुला हुडकाय आलोय म्हनावं. निकालाचं मरू दे."

प्राध्यापकांनी तेही लिहिलं. मग एकच ओळ : आबा, तुम्ही रडताय का?

सुभेदारांनी तोंड फिरवलं. "न्हाई म्हना त्याला," ते म्हणाले.

तेवढ्यात टेलिफोन खात्याने ठिकाण कळवलं : कराडशेजारचं मलकापूर, एक संगणक क्लास. कराडला बिनतारी संदेश गेला. तिथले पोलीस पोहोचले तेव्हा तो कीबोर्डपुढेच बसलेला होता. पळाला नाही.

ठाण्यात मी त्याचा जबाब घेतला. पुलावर जीव द्यायलाच गेलो होतो, म्हणाला. तेवढ्यात कराडची एसटी येऊन थांबली आणि तो चढला. क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालं.

"मग सर्व्हरमध्ये कशाला शिरत होतास?"

"माझी मेल बघायला. मी गेल्यावर कुणी काही लिहिलंय का, ते बघायचं होतं." तो खाली बघत होता. "एकही नव्हती. सर्व्हर अडकलेला दिसला, म्हणून मोकळा केला. सवय."

वडिलांनी त्याची पिशवी आपल्या खांद्याला लावली. दोघं एसटी स्टँडकडे चालत निघाले.

कागदावर 'इसम मिळून आला' असं लिहून मी प्रकरण बंद केलं. गुन्हा नव्हता, आरोपीही नव्हता. पण एक शिकलो. बेपत्ता झालेला प्रत्येक माणूस लपून बसलेला नसतो. एखादा कुणाच्या तरी हाकेची वाट बघत असतो आणि आपण त्याला नदीत शोधत असतो. त्यानंतर प्रत्येक मिसिंगमध्ये मी घरच्यांना सांगायचो, तो जिथे फिरकेल तिथे निरोप ठेवा, कुणी रागावलेलं नाही, ये म्हणून. काही आले. काहींच्या बाबतीत निरोप ठेवायलाच कुणी पुढे आलं नाही.