तांबोळी सरांचे दोन रकाने

तांबोळी सर सही करण्याआधी वही पुसायचे. कुणाचीही सेवेची वही हातात आली की आधी ती शर्टाच्या बाहीवर घासायची, मग एकेक पान उलटून मागून-पुढून बघायचं, आणि मगच खिशातलं पेन काढायचं. आष्ट्याच्या बाजारात त्यांच्या भावाचं विड्याच्या पानांचं दुकान होतं. लहानपणी सरांनी तिथे बसून ओल्या फडक्याने पानं पुसली होती. कुजकं पान गठ्ठ्यात कितीही आत दडवलं तरी बोटाला कळतं, असं ते म्हणत. आमच्या वह्यांत कुजक्या पानांचाच भरणा जास्त होता.

सर सांगलीच्या आमच्या कॉलेजात भूगोल शिकवत आणि रोज आष्ट्याहून एसटीने येत. भूगोलाच्या जोडीला त्यांच्याकडे समाजसेवेचं खातं होतं. पदवीला बसलेल्या प्रत्येकाने एकशेवीस तास समाजसेवा करायची, ती वहीत लिहायची आणि त्यावर सरांची सही घ्यायची, असा नियम होता. तास भरले नाहीत तर निकाल राखून ठेवणार. मला हा निकाल अगदी वेळेवर हवा होता. साताऱ्याला बी.एड.ला जायचं माझं ठरलं होतं. वडिलांचं सांगलीत झेरॉक्सचं दुकान, आणि ते बोलण्यातही झेरॉक्ससारखेच, एकदा काढलेलं वाक्य तसंच्या तसं पुन्हा काढायचे. "जूनमध्ये निकाल हातात असला तर सातारा, नसला तर विट्याचं स्थळ." मुलगा बरा होता म्हणे. पण मला सातारा बघायचा होता, विटा नाही.

समाजसेवेबद्दल आमच्या वर्गाचं मत काय होतं ते माझी मैत्रीण गायत्री एका वाक्यात सांगायची. "मी घरात आईला ताटं घ्यायला मदत करत नाही, आणि इथे अख्ख्या समाजाला करायची?" आमची सेवा फोटोपुरती होती. एका रोपट्याला चौदा जणांनी हात लावायचा, फोटो काढायचा आणि प्रत्येकाने दोन तास लिहायचे. ते रोपटं आमच्या हातांच्या घामानेच वाळलं असावं.

सरांना फोटो दाखवला की ते मोबाईल परत करत. "फोटोला काय विचारू? तो बोलत न्हाई." त्यांनी आमच्या वह्यांत पट्टी धरून पेन्सिलीने दोन जादा रकाने आखून घेतले होते. एकावर लिहायचं 'कुणाचं?' आणि दुसऱ्यावर 'काय म्हणालं?' ज्याचं काम केलं त्या माणसाचं नाव, आणि तो माणूस आपल्याला काय बोलला ते. हे दोन भरल्याशिवाय सही नाही. आमच्या वर्गातल्या समीरने पहिल्याच दिवशी 'कुणाचं?'मध्ये 'समाजाचं' असं लिहिलं.

"समाज कुठं राहतो रं?" सरांनी विचारलं.

"सगळीकडेच, सर."

"मग पत्ता दे. जाऊन इचारतो, तुजं काम पोचलं का म्हणून."

एकदा मी धीर करून म्हणाले, "सर, सक्तीने केलेली सेवा ही काय सेवा झाली?" मला वाटलं, सर आता भाषण देतील. सरांनी चष्मा काढला. "मला तरी कुठं हौस होती गं शिंदे? चार जणांनी नको म्हटलं, म्हणून हे माज्या गळ्यात पडलं. पहिली दोन वर्षं मी पण तुज्यासारखाच वैतागलेलो. मन लागंल तवा करू, म्हणून बसलो असतो, तर अजून बसलोच असतो. तू आधी हात लाव. मनाचं मागनं बघू." आणि माझी वही तशीच, सही न करता परत दिली.

मग आम्ही सखूबाईंना जन्म दिला. नदीकाठच्या वस्तीतल्या सखूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या, गुडघे दुखतात. मी आणि गायत्रीने कॅन्टीनमध्ये बसून त्या तयार केल्या आणि त्यांना पेपर वाचून दाखवल्याचे आठ तास लिहिले. 'काय म्हणालं?'मध्ये 'देव तुमचं भलं करो' असं लिहिलं. सही झाली. दुसऱ्या दिवशी समीरने सखूबाई मागून नेल्या. नंतर कुणीही मागायची तसदी घेईना. महिन्याभरात अकरा वह्यांमध्ये सखूबाई राहायला गेल्या. एका वहीत त्यांना मोतीबिंदू होता, दुसरीत त्या सुईत दोरा ओवून देत होत्या. कुणी त्यांना पाणी भरून दिलं, कुणी छपरावर पत्रा घातला, कुणी मोबाईलवर बोटं फिरवायला शिकवलं. एकाच मंगळवारी दुपारी दोन ते चार या वेळात त्या दवाखान्यातही होत्या, बँकेतही होत्या आणि समीरबरोबर बागेतही होत्या.

सर सगळं वाचत होते आणि सही करत होते. एका शनिवारी तास संपताना खडूचे हात झटकत म्हणाले, "सखूबाईंचे गुडघे कसे हायत आता?"

समीर म्हणाला, "बरे आहेत, सर."

"मग सोमवारी समदे मिळून बघायला जाऊ. मी मोसंबी घेतो."

तेवढ्या एका रविवारात आम्ही काय काय विचार केले. गायत्री म्हणाली, एखादी आजी आणून उभी करू. पण मोतीबिंदू असलेली, नसलेली, पेपर ऐकणारी आणि स्वतः वाचणारी अशी एकच आजी कुठून मिळणार? शेवटी ग्रुपवर बहुमताने ठरलं की सखूबाईंना जाऊ द्यायचं. सोमवारी गायत्रीने डोळ्यांना रुमाल लावला आणि सरांना सांगितलं, "सर, सखूबाई काल गेल्या."

सरांनी हातातली मोसंबीची पिशवी टेबलावर ठेवली. "वाईट झालं. पर अकरा जणांनी एवढी सेवा केल्यावर म्हातारी वाचंल कशी?" मग त्यांनी अकराही वह्या मागवल्या आणि सखूबाईंचे सगळे तास लाल पेनाने खोडले. मोसंबी मात्र आम्हाला वाटली.

सखूबाईंच्या नावावर माझे एव्हाना चोवीस तास झाले होते, ते सगळे गेले. मार्च उजाडला होता आणि तास भरायला एकच जागा उरली होती, जत तालुक्यातल्या एका गावात होणारं सात दिवसांचं शिबिर. वडिलांनी विट्याच्या मुलाचा फोटो टीव्हीजवळ आणून ठेवला होता. मी बॅग भरली.

गावातल्या शाळेत आमचा मुक्काम होता. शेतकऱ्यांच्या मुलांचा एक गट शाळेची भिंत रंगवायला लागला. आमच्या गटात मी झेरॉक्सवाल्याची, गायत्री दातांच्या डॉक्टरची आणि समीर मोबाईल दुकानवाल्याचा. आम्हाला कुणी काम देईना. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला शाळेमागे एक रान दिसलं, नुसतं मेंढ्यांच्या लेंड्यांनी भरलेलं. काळी पखरण, वास सुटलेला, माश्या घोंगावतायत. गायत्रीचे डोळे चमकले. "हेच. स्वच्छता." शाळेच्या शिपायाला रान कुणाचं ते विचारलं. तो म्हणाला, नीलव्वाचं. म्हणजे नावसुद्धा मिळालं, तेही जिवंत माणसाचं.

तोंडाला रुमाल बांधून आम्ही तीन तास राबलो. खराट्याने ढीग केले, पाट्या भरल्या आणि सगळं लांबच्या कोरड्या ओढ्यात नेऊन ओतलं. रान आरशासारखं केलं. भिंत रंगवणारी मुलं मधूनमधून ब्रश थांबवून आमच्याकडे बघत होती आणि एकमेकांना कोपराने ढोसत होती. मला वाटलं, त्यांना आमचं कौतुक वाटतंय.

दुपारी नीलव्वा आली. सत्तरीची, काटक, कपाळभर कुंकू. तिने रानाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नन्न गोब्बर एल्लि?"

भिंतीवरच्या मुलांतला एक जतचाच होता. तो शिडीवरून न उतरता म्हणाला, "आज्जी इचारती, माझं खत कुठाय."

मग आम्हाला कळलं ते असं. त्या गावात धनगराला सांगून आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. दोन रात्री कळप रानात बसला की पुढच्या ज्वारीला दुसरं काही घालायला लागत नाही. त्यासाठी नीलव्वाने महिनाभर आपल्या पाळीची वाट पाहिली होती आणि धनगराला पोतंभर ज्वारी दिली होती. कळप त्याच पहाटे उठला होता. आणि आम्ही तिचं वर्षाचं खत समाजसेवा म्हणून ओढ्यात टाकून आलो होतो.

नीलव्वा कानडी आणि मराठी मिसळून जे बोलली ते मला पूर्ण कळलं नाही, पण समीरला कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. शेवटी ती बांधावर बसली आणि पदर डोळ्यांना लावला. सखूबाई गेल्या तेव्हा माझ्या मनात फक्त चोवीस तास होते. या बाईचं खरंच काहीतरी गेलं होतं आणि ते मी नेलं होतं.

सर आले. त्यांना सगळं समजायला अर्धं मिनिट लागलं. त्यांनी हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एक पाटी उचलली. "आवं नीलव्वा, रडू नगा. पोरं शहरातली हायत, त्यांना घाण आणि धन येगळं वळखायला कुणी शिकवलंच न्हाई. चला रं. जिथनं नेलं तिथं परत."

ओढ्यात वेड्या बाभळीचं रान होतं. काट्यांतून लेंड्या वेचायच्या, वाळू चाळायची, पाटी डोक्यावर घ्यायची आणि रानात आणून पसरायची. नीलव्वा बांधावर बसून देखरेख करत होती आणि ढीग एका जागी पडला की ओरडत होती. दुसऱ्या दिवशी भिंतीवरची मुलंही ब्रश ठेवून आली, आणि येताना पोटभर हसून घेतलं. सर आमच्या पुढे. मध्येच थांबून एखादी लेंडी बोटांत धरून बघायचे आणि वाळूचा खडा निघाला तर फेकून द्यायचे. दुकानात पानं बघायची ती सवय.

त्याच दिवशी उन्हं कलताना रान पुन्हा काळं झालं. नीलव्वा घरी गेली आणि फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. आमचे हात कितीही धुतले तरी वास येत होता, पण तिने बेधडक भाकरी त्याच हातांवर ठेवली. उठताना तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एकच वाक्य मराठीत बोलली.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी वही घेऊन सरांसमोर उभी राहिले. इतर दिवसांची किरकोळ कामं लिहिलेली होती. या दोन दिवसांपुढे मी लिहिलं होतं, 'खत परत नेऊन टाकलं. नीलव्वाचं.' सरांनी वही बाहीवर पुसली. सगळं मागून-पुढून पाहिलं आणि शेवटच्या रकान्यावर थांबले.

"हे काय लिहिलंस? 'पुढच्या वर्षी येऊ नका'?"

"तसंच म्हणाल्या, सर."

सर खूप वेळ हसत राहिले, चष्मा काढून डोळे पुसले. "हे पान ताजं हाय," म्हणाले आणि सही केली. "पर साफ केल्याचे तीन तास मी वजा केलेत बरं का." तरीही एकशेवीस भरले. नेमके एकशेवीस, एकही जास्त नाही. जूनमध्ये निकाल लागला, विट्याचा फोटो टीव्हीजवळून हलला आणि मी साताऱ्याला गेले.

आता मी साताऱ्यातच एका शाळेत शिकवते. गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपसमारंभाला गर्दी व्हावी म्हणून कॉलेजने नोटीस लावली होती की हजर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना समाजसेवेचे दोन तास मिळतील. हॉल गच्च भरला होता. सर हार घालून बोलायला उभे राहिले. माईक हातात घेतला. "मी..." म्हणाले. मग थांबले. पाणी प्यायले. पुन्हा "मी..." म्हणाले, पुन्हा पाणी प्यायले आणि खाली बसले. एवढंच भाषण झालं.

कार्यक्रम संपल्याबरोबर मुलांनी वह्या घेऊन रांग लावली. पेन्सिलीचे दोन रकाने तसेच होते. प्रत्येकाने लिहिलं होतं, 'तांबोळी सरांचं.' आणि पुढे, 'काही बोलले नाहीत. पाणी प्यायले.' सर एकेक वही बाहीवर पुसत होते आणि मान खाली घालून सही करत होते. रांगेत शेवटी मी. माझ्या जुन्या वहीत एक ओळ रिकामी होती. तीत मी 'कुणाचं?'पुढे सरांचं नाव लिहून आणलं होतं.

सरांनी मला बघितलं. "शिंदे, साताऱ्याहनं आलीस? लय झालं. सखूबाई असत्या तर त्याबी आल्या असत्या."

मग त्यांनी चष्मा नीट केला. "आणि हा शेवटचा रकाना मोकळा का?"

"तुम्ही काही बोललाच नाहीत, सर."

त्यांनी मान हलवली, माझं पेन घेतलं आणि त्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पुढच्या वर्षी या.' त्याखाली सही केली आणि वही मिटली.

यंदा मी आष्ट्याला गेले. सरांनी स्वतःच दार उघडलं. माझ्या हातातली मोसंबीची पिशवी घेतली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बस. दोन तास तरी बसावं लागंल."