गल्लीतल्या कुत्र्याले उजेड

शेवंताबाईंच्या रागाची चौबे कॉलनीला ओळख नव्हती. रेल्वे क्वार्टरात होती. तिथं एकदा नळाजवळच्या खांबावरचा दिवा गेला, आणि तक्रार घेणारा बाबू रोज "कल हो जाएगा" म्हणू लागला, तेव्हा ही बाई जेवणाचा डबा घेऊन त्याच्या दारातच जाऊन बसली. जेवली तिथंच, मेथी निवडली तिथंच. बाबूनं हात टेकले आणि खांबावर दिवा लागला. पुढं नवरा गुलाबराव रिटायर झाले, मुलगा अश्विन पुण्यात नोकरीला लागला, त्यानं रायपुरात हे घर घेऊन दिलं, आणि बाईला भांडायला कारणच उरलं नाही. इथले शेजारी "नमस्ते दीदी" म्हणत आणि दार लावून घेत. अशा माणसांशी भांडणार तरी काय, कपाळ.

गुलाबराव वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते, पण त्यांचं नाव होतं ते आवाजासाठी. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि वाचणारे कायम गुलाबराव. बाहेर पाऊस धो धो पडो, शेवटच्या चटईवरच्या म्हातारीलासुद्धा शब्द न् शब्द ऐकू जाई. मागच्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, पाय गेला आणि जीभही गेली. तोंडातून एकच शब्द निघे, तो म्हणजे 'हव'. हो म्हणायचं तरी हव, नाही म्हणायचं तरी हव, पाणी पाहिजे तरी हवच. डोळे मात्र शाबूत होते. डोकंही शाबूत आहे, असं शेवंताबाई छातीठोकपणे सांगत होत्या.

म्हणून या वर्षावासात त्यांनी एक रीत पाडली. संध्याकाळी विहारात निघण्याआधी त्या गुलाबरावांना हॉलमधल्या खुर्चीत बसवत, पुढं पुस्तक ठेवायची लाकडी घोडी मांडत आणि त्या दिवशी विहारात जे पान वाचायचं तेच पान उघडून देत. तिकडं दुसरा कोणी वाची, इकडं गुलाबराव मनातल्या मनात वाचत आणि डाव्या हातानं पान उलटत. निदान उलटावं, अशी बाईंची आशा होती. पण परत येऊन पाहावं तर पान जागच्या जागी. रोज तेच. "झालं का वाचून?" विचारलं की "हव". त्या शब्दाचा काय भरवसा? बाई आतून हलल्या. हात गेला, पाय गेला, आता डोकंही चाललं की काय या माणसाचं? अश्विनला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, पापांचं वय झालं, मनाला लावून घेऊ नको.

त्यात आणखी एक खूळ. गुलाबराव बसल्या बसल्या डावा हात हवेत हलवू लागले होते. बाईंना वाटलं, मच्छर. विचारलं तर "हव" म्हणाले. त्यांनी कछुआछाप अगरबत्ती लावली, खिडकीला जाळी मारली, पायाला कडुलिंबाचं तेल चोळलं. तरी हात हालतच होता. मग एक दिवस त्यांनी छताकडं बोट दाखवलं. बाईंनी पंखा जोरात केला, तर त्यांनी कपाळावर हात मारला. बाई म्हणाल्या, आता पंखाही पुरत नाही तुम्हाले, मी का ढग आणू काय घरात?

मग तो दिवस आला. विहारात त्या संध्याकाळी वाचनाची पाळी खुद्द शेवंताबाईंची होती, आणि निम्म्या वाटेवर लक्षात आलं की चष्मा घरीच राहिला. स्वतःला शिव्या देत त्या माघारी फिरल्या. फाटकापाशी गल्लीतलं लंगडं कुत्रं बसलं होतं. ते उठून दोन पावलं चाललं, तशी फाटकावरची लाइट भक्कन लागली. पण घराची खिडकी काळीठिक्कर. बाईंना वाटलं लाइन गेली. पण फाटकावर तर उजेड होता, आणि शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. त्या धावत जाऊन खिडकीला नाक लावून उभ्या राहिल्या.

फाटकावरच्या उजेडात आत गुलाबराव खुर्चीत बसलेले पुसट दिसले. अंधारात त्यांनी डावा हात वर केला आणि हलवला. काही झालं नाही. पुन्हा केला, पार खांद्यातून उचलून, आगगाडीला थांबवावं तसा. तेव्हा कुठं लाइट लागली. त्यांनी लगबगीनं मान पुस्तकात घातली, ओळीवर बोट ठेवलं, वाचायला लागले. वाचणारा माणूस स्थिर बसतो, तसे बसले. आणि ते स्थिर बसले म्हणूनच लाइट गेली. पुन्हा हात वर.

शेवंताबाईंना सगळं उमगलं. उन्हाळ्यात अश्विन आला होता तेव्हा त्यानं घरभर छताला आणि बाहेर फाटकावर सेन्सर लावले. माणूस हलला की दिवा लागतो, कोणी नसलं की विझतो. मम्मीला अंधारात चाचपडायला नको, पापांना धरून नेताना बटन शोधायला नको, म्हणून अगदी मायेनं लावले. जुनी बटनं काढून भिंती गुळगुळीत करून टाकल्या. बाईही चार घरी कौतुक सांगून आल्या होत्या. त्या घरात असत तेव्हा सारख्या फिरत, म्हणून दिवा जळत राही. बाहेरून येऊन दार उघडलं की दिवा आपसूक लागे. परतताना खिडकीकडं कधी पाहिलं नव्हतं, मग नवरा अंधारात बसतो हे त्यांना दिसावं कसं? त्या आल्या की अंधार पळून जायचा, लबाड कुठला.

आणि बाई मच्छर शोधत होत्या. आधी त्यांना स्वतःचाच राग आला, असा की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग तो राग फिरला आणि थेट पुण्याला गेला. विहारात जाणं राहिलं. फोन लावून त्यांनी अश्विनला उभा आडवा घेतला. म्हणाल्या, फाटकातल्या लंगड्या कुत्र्याले तुहा दिवा वळखते अन् घरच्या धन्याले नाही. जो धावते तो माणूस, अन् जो बसला तो लाकूड, असं कोणी शिकवलं रे तुह्या या दिव्याले? अश्विन बिचारा गांगरला. टायमिंग मोबाइलवरून वाढवून देतो म्हणाला. वाढवशील, पण विझल तर खरा ना, बाई म्हणाल्या. त्यावर त्याच्या तोंडून निघून गेलं, "मम्मी, पापा को बोलो ना, बीच-बीच में हाथ हिला दिया करें."

शेवंताबाई आता हळू आवाजात बोलल्या, आणि हळू बोलल्या म्हणजे खरा राग.

"तुह्या बापानं जिंदगीत कोण्या सायबापुढं हात जोडले नाही, अश्विन. आता सोताच्या घरात उजेड पाहिजे म्हणून दिव्यापुढं हात हलवत बसाचं का त्यानं?"

अश्विन एवढंच म्हणाला की, तुला पाहिजे तसं करून घे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बूढ़ापारा मोहल्ल्यातून लाइटवाल्या शालिग्राम मिस्त्रीला धरून आणलं. तो वर पाहून हळहळला, इतकी चांगली वस्तू काहून काढता दीदी, लोक पैसे देऊन लावून राहिले. बाई म्हणाल्या, फाटकातली राहू दे, कुत्र्याची सोय झाली आहे. हॉलमधली काढ, आणि पूर्वी पलंगाशी वायरला लोंबतं बटन असायचं ना, तसं खुर्चीला लावून दे, डाव्या हाताशी. शालिग्रामनं जुन्या सामानातून तसलं एक बटन शोधून काढलं. लावून झाल्यावर तो ते दाबून पाहणार, तोच बाईंनी त्याचा हात धरला. पहिल्यांदा गुलाबरावांनी दाबलं.

त्या संध्याकाळी विहारात बाईंचं चित्त वाचनात नव्हतंच. सुटल्या तशा घराकडं निघाल्या. फाटकावरची लाइट लागली, आणि खिडकी पाहावी तर पुन्हा काळीठिक्कर. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शालिग्रामच्या सात पिढ्या उद्धारत त्यांनी दार ढकललं, तेवढ्यात खट्ट झालं आणि दिवा लागला. गुलाबराव खुर्चीत बसले होते, बटन डाव्या मुठीत. पान उलटलेलं होतं, एक नाही, चांगली चार-पाच. वाचून झालं होतं, म्हणून दिवा मालवून बसले होते.

भीती ओसरली तशी बाईंची जीभ सुटली. माझ्या काळजाचं पाणी केलं तुम्ही, असा अंधार करून बसते का माणूस, मले वाटलं पुन्हा तेच झालं, बोलता येत नाही तर निदान...

खट्ट. दिवा गेला.

बाईंचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. काळोखात आधी काहीच कळेना, मग खुर्चीतून घुसघुस आवाज येऊ लागला. गुलाबराव हसत होते. हिवाळ्यापासून हे हसणं या घरात कोणी ऐकलं नव्हतं. शेवंताबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुद्दाम तशाच, न हलता. डोळे पुसून घेतले.

"लावता का आता? मले भात टाकाचा आहे."

"हव," गुलाबराव म्हणाले, आणि तिला थोडं ताटकळत ठेवून मग दिवा लावला.