सड्यावरची हाक

माझी आजी पारूबाई हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यात राहायची. शेळ्या राखण्यातच तिचा जन्म गेला. दिवस कलला की डोंगराच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर, उभी राहून ती "ईऽऽयो" अशी लांब हाक द्यायची. हाकेच्या शेवटी तिला बारीक खोकला यायचा. तेवढ्यावर पांगलेल्या शेळ्या धावत यायच्या.

एकोणीसशे अडतीसच्या श्रावणात आजी तापानं गेली. शेळ्या मग माझी आई, सारजाबाई, नेऊ लागली. तिच्या हाकेला एकही शेळी मान वर करत नसे. एकेकीला काठीनं वळवून आणताना ती रडकुंडीला यायची.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारीच दाट धुकं उतरलं. मी आणि आजोबा दारात आईची वाट बघत होतो. इतक्यात सड्यावरून हाक आली, आणि शेवटी तो बारीक खोकला. आजोबांनी माझा हात घट्ट धरला.

थोड्या वेळानं धुक्यातून शेळ्या आल्या. एकही कमी नव्हती. मागून आई आली.

"सारजा, हाक कुणी दिली गं?" आजोबांनी विचारलं.

"कसली हाक, मामंजी? मला तर काईच ऐकू आलं न्हाई. शेळ्या एकदम वळल्या, म्या त्यांच्या मागं मागं आले."

आजोबांनी ऐकलेलं सांगितलं.

"आत्याबाईंची हाक मलाच कशी न्हाई ऐकू आली?" म्हणून ती खूप रडली.

पुढं कितीतरी वर्षं, शेळ्या वळवण्याआधी आई सड्यावर घटकाभर कान देऊन उभी राहायची.